दोन डाव्या बाजू

मुंढे, म्हणजे बाही बसवायचे काप, दोन्ही एकाच बाजूला होते. ग्लेनिसने कापलेले दोन तुकडे जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले, दोन पावलं मागे सरून पाहिलं, चष्मा काढून ब्लाउजला पुसला आणि पुन्हा पाहिलं. पण चष्म्याचा बिचाऱ्याचा काय दोष. झग्याच्या पुढच्या भागाचे हे दोन तुकडे, एक डावा आणि एक उजवा, शेजारी ठेवले की माणूस आणि त्याचं आरशातलं रूप असे समोरासमोर यायला हवेत. हे दोघे मात्र रांगेत उभे असल्यासारखे एकाच दिशेला तोंड करून पडले होते. तिने दोन डाव्या बाजू कापल्या होत्या. उजवी बाजू जगात कुठेच नव्हती, आणि ती कापायला कापडही उरलं नव्हतं. शेजारच्या अंगणात कुणीतरी गवत कापायचं यंत्र लावलं होतं, त्याची घरघर चालूच होती, कपातला चहा अजून कोमट होता, फेब्रुवारीचं ऊन खिडकीतून येऊन त्या शेवाळी रेशमावर पडलं होतं. म्हणजे सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त हे एवढंच झालं होतं. अडुसष्ट वर्षांची बाई, दोन मुलांची आई, एका नातवाची आजी. आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता नोला काय म्हणेल.

नोला तिची थोरली बहीण. थोरली म्हणजे चांगली अकरा वर्षांनी थोरली, तेव्हा बहीण कमी आणि दुसरी आई जास्त, आणि पहिली आई मऊ होती म्हणून ही दुसरी कडक. चूक कशी झाली ते ग्लेनिसला लख्ख आठवत होतं, आणि तेच जास्त लागत होतं. आठवत नसतं तर निदान नशिबावर ढकलता आलं असतं. रेशीम छत्तीस इंची पन्ह्याचं, म्हणजे जुन्या काळचं, अरुंद. दुमडून दोन्ही बाजू एकदम कापाव्यात एवढी रुंदीच नाही. एकेरी पसरायचं, झग्याच्या बेताचा कागद ठेवायचा, डावी बाजू कापायची, मग तोच कागद उलटा करून उजवी कापायची. पहिली कापून झाली, आणि कागद हातात धरलेला असतानाच फोन वाजला. नोलाचा. "कापलंस?" "कापतेय." "कात्री कुठली?" "तुझीच." "धार बघून घेतलीस ना? आणि इंचाइंचाला थांबू नकोस, लांब कापायचं, तू उंदरासारखं कुरतडतेस." "हो नोला." "आणि घाबरत कापू नकोस. घाबरणाऱ्याच्या हातून कापड पळतं." फोन ठेवून ग्लेनिस आली ती मनातल्या मनात भांडत आली. उंदीर काय, घाबरणं काय, मी काय शाळेतली पोर आहे का? आणि त्या भांडणाच्या भरात तिने कागद ठेवला, टाचण्या लावल्या आणि लांब, ऐटीत, अजिबात न थांबता कापत गेली. आयुष्यात इतकं सुरेख तिने कधी कापलं नव्हतं. कागद उलटा करायचा तेवढा राहिला. जुन्या तऱ्हेचा कागद तो, त्यावर छापलेली अक्षरं नाहीत, रेघा नाहीत, नुसती बारीक बारीक भोकं. उलटा काय आणि सुलटा काय, दोन्हीकडून सारखाच दिसायचा.

आणि कापड तरी साधं असावं! हे नोलाचं कापड होतं. पन्नास वर्षं जपलेलं. एमर्सन स्ट्रीटवरचं जुनं कापडदुकान बंद झालं तेव्हा नोलाने माळ्यावरच्या शेवटच्या गठ्ठ्यातून ते उचललं होतं, तेही तेव्हाच चाळीस वर्षांचं जुनं. एक अंग खरबरीत, मंद, पावसाळी दगडावर शेवाळ असतं तसं, आणि दुसरं अंग तुळतुळीत, चमकदार. आईने ते हातात घेऊन, गालाला लावून पाहिलं आणि म्हणाली, "चांगल्यासाठी ठेव." आईचं हे ठरलेलंच. एकतीस सालच्या भूकंपात सगळं नेपियर कोसळलं तेव्हा आई अकरा वर्षांची होती. घरातली एकूण एक कपबशी फुटली, छप्पर खाली आलं, आणि ढिगाऱ्यातून जे धड निघालं ते कापडांची पेटी तेवढी. तेव्हापासून कापड म्हणजे भरवशाची वस्तू हे आईच्या डोक्यात जे बसलं ते तिने दोन्ही मुलींच्या डोक्यात बसवलं. पुढे सगळ्या शहरालाच भूकंपानंतरच्या त्या तीसच्या दशकाचं वेड लागलं, दर फेब्रुवारीत एका शनिवारी सारं नेपियर आजीआजोबांच्या तरुणपणाचे कपडे घालून समुद्रकाठच्या रस्त्यावर टेबलं मांडून बसायला लागलं, तेव्हा नोलाला नवीन काहीच शिकावं लागलं नाही. लोक पेट्या धुंडाळत होते, दुकानांतून महागडी नक्कल विकत घेत होते, आणि नोला आपली दर वर्षी कपाटातून एक जुनं कापड काढायची, भोकांचा कागद पसरायची आणि असा झगा शिवायची की फोटोवाले तिच्या मागे लागायचे. पाइनच्या रांगेतलं चौथं झाड हे त्यांचं. काकडीचे सँडविच, थंड चहा, आणि येणाऱ्याजाणाऱ्या बाईची शिलाई तपासत बसलेली नोला. "ही बघ, यंत्राने काजं केलीत. ही बघ, झिप. तीसच्या सालात झिप! अगं, निदान हुक तरी लावायचे." ग्लेनिस हसायची, आणि हसता हसता स्वतःच्या झग्याची काखेतली टीप हाताखाली झाकून धरायची.

कारण ग्लेनिसही शिवायची. शिवायची म्हणजे, तिचा नवरा रेक्स म्हणतो तसं, कापड साठवायची. तिच्या पाठच्या खोलीत तीन कपाटं भरून कापड होतं: फुलांचं सुती, चौकड्यांचं लोकरी, कुणाच्या तरी मावशीच्या घरातून निघालेलं पडद्याचं जाड कापड, शेवटच्या दिवशी स्वस्तात मिळालेलं. हात फिरवायची, घडी बदलायची, मनातल्या मनात झगे बेतायची आणि कपाट बंद करायची. न कापलेल्या कापडात चूक नसते. तेरा वर्षांची असताना तिने शाळेतल्या शिवणाच्या तासाला एक राखाडी स्कर्ट शिवला होता, पहिलाच, आणि तो घालून ती स्वयंपाकघरात आली होती, मिरवतच आली होती. नोलाने तिला हाताने धरून गोल फिरवलं, कमरेपाशी बोट लावलं आणि म्हणाली, "उसव." एवढंच. ओरडली नाही, रागावली नाही. ग्लेनिसने स्कर्ट काढून दिला, परकरावर उभी राहिली, आणि नोला ब्लेडने एक एक टाका उसवत बसली, इतक्या शांतपणे की जणू वाटाणे सोलतेय. नंतर लग्नाच्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. ग्लेनिस पांढऱ्या झग्यात उभी, बाहेर गाडी आलेली, आणि नोला गुडघ्यांवर बसून खालची दुमड उसवून नव्याने घालतेय, तोंडात टाचण्या. "नोला, कोण बघणार आहे खाली?" "मी." आज पंचेचाळीस वर्षं झाली त्या गोष्टीला. फोटोत ती दुमड दिसतसुद्धा नाही. पण ग्लेनिसला फोटो बघताना पहिलं तेच आठवतं. नोला वाईट होती असं नाही. ताप आला की उशाशी तीच बसायची, पहिल्या बाळंतपणात तीच आली होती. पण मनात कुठेतरी ती ब्लेड घेऊन बसलेलीच असायची, आणि ग्लेनिस काहीही करायला गेली, शिवणच नव्हे, केक, बाग, मुलांचं संगोपन, की आतून आवाज यायचा: उसव.

मग नोलाचे डोळे गेले. साखरेच्या आजाराने आधी एक गेला, मग दुसरा. आता उजेड-अंधार आणि माणसाची धूसर आकृती तेवढी कळायची. टेकडीवरच्या वृद्धनिवासात तिला खोली मिळाली, आणि कापडांचा सगळा साठा ग्लेनिसच्या घरी आला. गेल्या फेब्रुवारीत नोला खाली आलीच नाही. डोकं दुखतंय म्हणाली. चौथ्या झाडाखाली ग्लेनिस आणि रेक्स दोघेच बसले, आणि सँडविच उरले. या जानेवारीत मात्र तिनेच विषय काढला. खुर्चीत ताठ बसून, हात मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "शेवाळी रेशीम काढ. यंदा मी येणार." ग्लेनिस म्हणाली, "कोण शिवणार?" "तू. मी काय आता सुईत दोरा ओवू?" "मी? ते कापड?" "का, हात मोडलेत का तुझे? डोळे गेलेत माझे, बोटं आहेत अजून. शिवून आण, मी तपासीन." त्या रात्री काही वाटलं नाही, पण पुढचे तीन आठवडे ग्लेनिस धड जेवली नाही. जुन्या चादरीचा कच्चा झगा शिवून तिने नोलाच्या अंगावर चढवून पाहिला होता. नोलाने छातीवरून, कमरेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ठीक आहे." नुसतं ठीक आहे! खांदा उतरतोय नाही, कंबर वर चढलीय नाही. ग्लेनिसला वाटलं, राखून ठेवतेय. खऱ्या झग्याला बोलणार आहे. तिला काय हवं होतं ते तिला नीट माहीत होतं, आणि या वयात ते कबूल करायची लाजही वाटत होती: मरायच्या आधी एकदा, एकदाच, नोलाने कपड्यावरून हात फिरवावा आणि म्हणावं, जमलं गं तुला. बस्स. त्याच्यासाठी हे कापड कापायला घेतलं होतं, आणि त्याच कापडाच्या दोन डाव्या बाजू होऊन समोर पडल्या होत्या.

रेक्स सँडविच करून घ्यायला आला आणि तिला तशी उभी बघून थबकला. रेक्स डबाबंद फळांच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढून निवृत्त झालेला, शांत माणूस. "काय झालं?"

"चुकलं."

त्याने दोन्ही तुकडे नीट पाहिले, मान तिरकी करून पाहिले. "मला तर दोन्ही सारखेच दिसतात."

"तेच तर चुकलं ना!"

"सारखे असणं चूक आहे?"

"अरे, तुझे दोन्ही बूट डाव्या पायाचे निघाले तर चालेल का तुला?"

"अच्छा," रेक्स म्हणाला, आणि समजल्यासारखी मान हलवली. मग पावाला लोणी लावता लावता म्हणाला, "मग एक उलटा कर."

"उलटा कसा करू? बूट आहे का तो? उलटा केला की आतली बाजू वर येते. ती वेगळी आहे. चमकते. एक बाजू खरबरीत आणि एक..." ती बोलता बोलता थांबली. तुकड्याचं टोक धरून तिने तो उलटा टाकला. उजवी बाजू झाली. कंबर कमरेला आली, मुंढे दोन्हीकडे गेले. फक्त अर्धा झगा शेवाळाचा, आणि अर्धा, तेच शेवाळ ओलं होऊन त्यावर ऊन पडावं तसा. आणि वाईट दिसत नव्हतं. त्या काळात बायका मुद्दाम करायच्या असं, एकाच कापडाची दोन्ही अंगं वापरून, पट्ट्या, गळे, कधी अख्खी बाजू. "बघ," रेक्स तोंडात घास धरून म्हणाला, "झालं की. उगाच कशाला जीव टांगणीला लावतेस?" "नोला," ग्लेनिस म्हणाली. "नोलाला दिसणार आहे का?" "तिला दिसणार नाही. कळणार आहे. झोपेतसुद्धा कळेल." आणि ते खरंच होतं. हे डोळ्यांना सुंदर दिसलं असतं; पण नोला डोळ्यांनी बघणार नव्हती. दोन तळवे दोन बाजूंना ठेवले की एका हाताखाली खरबरीत आणि एका हाताखाली तुळतुळीत. लहान मूलही सांगेल. रेक्सने तिच्याकडे बघितलं, उरलेलं अर्धं सँडविच तिच्या हातात दिलं आणि बाहेर गेला.

चार दिवस ती शिवत होती. दुसरा इलाजच नव्हता, शनिवार काही थांबत नाही. मन मात्र यंत्रापेक्षा जोरात चाललेलं. पहिल्या दिवशी तिने सबबी रचल्या. मुद्दाम केलं म्हणून सांगावं, तीसच्या सालाची खास तऱ्हा, तुला गंमत म्हणून. नोला म्हणेल, गंमत? माझ्या कापडावर? दुसऱ्या दिवशी सबबी संपल्या आणि राग आला: पन्नास वर्षं तू का नाही शिवलंस मग? चांगल्यासाठी, चांगल्यासाठी, कुठलं चांगलं येणार होतं? तूही घाबरलीसच ना? हा विचार आला तशी ती स्वतःच दचकली, कारण नोला आणि घाबरणं हे दोन शब्द तिने कधी एकत्र ठेवले नव्हते. तिसऱ्या दिवशी मधली शिवण घातली, वरपासून खालपर्यंत, खरबरीत आणि तुळतुळीत एकमेकांना जोडणारी. रेशीम सरकत होतं, कच्चे टाके घालूनही सरकत होतं, आणि कमरेशी जराशी ओढ आली. तिने ब्लेड उचललं. उसव. हात तसाच हवेत राहिला. मग तिने ब्लेड खाली ठेवलं आणि पुढे शिवत गेली, आणि तिच्या लक्षात आलं की गेल्या कितीतरी वर्षांत आपण असं सलग बसून काही पुरं केलेलं नाही. सगळ्यात वाईट जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं. कापड बिघडायचं ते बिघडलं होतं. आता नुसतं शिवायचं होतं. दुपारचं ऊन सरकत टेबलावरून जमिनीवर गेलं, बाह्या लागल्या, गळ्याला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लागली, पाठीवरची काजं तिने हाताने केली, अकरा काजं, आणि कुठे कुठे तर ती चक्क गुणगुणत होती. शिवण हातात असेपर्यंत बरं वाटायचं. हात थांबले की पुन्हा ते दोन तळवे डोळ्यांपुढे यायचे.

शनिवारी सकाळी रस्ते आधीच भरलेले. जुन्या मोटारी भोंगे वाजवत टेकडीखालून चाललेल्या, गोल टोप्या, कोल्ह्याच्या कातड्याचे गळपट्टे, उकडत असलं तरी घातलेले. ग्लेनिस स्वतःच्या जुन्या ठिपक्यांच्या झग्यात, कागदात गुंडाळलेलं बोचकं छातीशी धरून वृद्धनिवासाच्या पायऱ्या चढली. दारातच अनाहेरा भेटली, तिथे काम करणारी, डोक्याला मण्यांची पट्टी बांधून तीही सजलेली. "या, या! बाईसाहेब पहाटेपासून आंघोळ करून बसल्यात. मी म्हटलं केस करून देते, तर म्हणे तुझ्या हातात कंगवा देण्यापेक्षा टक्कल बरं." "आज स्वारी रंगात दिसतेय," ग्लेनिस म्हणाली. "रंगात? मला तर भीती वाटते, आज कुणाची तरी शिवण उसवणार," अनाहेरा हसत म्हणाली आणि चहाची गाडी ढकलत गेली.

नोला पलंगाच्या कडेला बसली होती, पांढऱ्या परकरात, पाठ ताठ, पायांत मोजे. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी. "काय झालं गं बोटांना?" "काही नाही. नळाचं गरम पाणी. आण इकडे." ग्लेनिसने कागद सोडला आणि झगा तिच्या मांडीवर पसरला, पुढची बाजू वर. तोंड उघडून सांगून टाकावं, आत्ताच, हात लागायच्या आधी, असं सगळा जिना चढताना ठरवलं होतं. पण तेवढ्यात नोलाने दोन्ही हात उचलले. ते ग्लेनिसने चार दिवस मनात पाहिले होते अगदी तसेच उचलले, आणि तळवे दोन्ही बाजूंवर ठेवले, डावा शेवाळावर, उजवा चमकीवर, आणि सावकाश खाली नेले, पुन्हा वर आणले. पट्टी नसलेली बोटंही फिरवली, मधल्या शिवणीवरून, या बाजूने त्या बाजूला. खिडकीबाहेर कुठून तरी ट्रम्पेट वाजत होता.

"छान," नोला म्हणाली. "एकसारखं झालंय. कुठे काही लागत नाही हाताला. जमलं गं तुला."

ग्लेनिसला पहिल्यांदा काही कळलंच नाही. नुसतं सुटल्यासारखं झालं, परीक्षेचा पेपर रद्द झाल्यासारखं. सुटले. कळलं नाही तिला. आणि मग त्याच क्षणी, ते हायसं वाटणं अंगात भिनायच्या आधीच, तिच्या लक्षात आलं की कळलं नाही हे कसं शक्य आहे. कच्चा झगा, नुसतं ठीक आहे. मांडीवर घट्ट धरलेले हात. नळाचं पाणी. सगळ्या आयुष्यात एका सुताचा फरक बोटाने ओळखणारी ही बाई खरबरीत कापडावर एक हात आणि गुळगुळीत कापडावर दुसरा हात ठेवून म्हणते एकसारखं. ज्या शब्दांसाठी ती तेरा वर्षांची असल्यापासून थांबली होती ते शब्द मिळाले होते, आणि ते पोकळ होते. ते तसेच ठेवून घेता आले असते. कुणाला कळणार होतं? नोलाला नाही, अनाहेराला नाही. झगा चढवायचा, टोपी घालायची, खाली जायचं, चौथ्या झाडाखाली बसायचं. नोलाची मान उंच होती आणि चेहऱ्यावर कौतुक करणाऱ्याचं हसू होतं. ते हसू जरा जास्त वेळ टिकून राहिलं होतं, आणि त्याच्या कडेला ओठ किंचित थरथरत होता. अगं बाई, ग्लेनिसच्या मनात आलं, ही घाबरलीय. ही माझ्यापेक्षा जास्त घाबरलीय.

"नोला," ती म्हणाली, आणि पलंगावर तिच्या शेजारी बसली. "एकसारखं नाहीये ते. मी दोन डाव्या बाजू कापल्या. तुझा फोन आला आणि कागद उलटा करायचा विसरले. मग एक उलटी करून लावली. एक खरबरीत आहे, एक तुळतुळीत. तुझ्या डाव्या हाताखाली खरबरीत आहे."

नोलाचे हात झग्यावरच होते, पण आता नुसतेच ठेवलेले, टेबलावर किल्ल्या ठेवाव्यात तसे. "वर्ष झालं," ती शेवटी म्हणाली. "गेल्या फेब्रुवारीच्या आधीपासून. आधी टोकं बधिर झाली, मग सगळीच. कपाचा कान धरलाय की नाही ते बघावं लागतं, आणि बघायला डोळे कुठायत? कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की खालच्या मजल्यावर टाकतात, तिथे बटणंसुद्धा तेच लावतात." तिने नाकाने श्वास ओढला. "मला वाटलं, निदान तुला तरी कळू नये. मी काय उरले मग? सगळा जन्म लोकांच्या शिवणी उसवल्या."

"माझ्या जास्त."

"तुझ्या जास्त," नोला म्हणाली, आणि एकदम हसली, नाकातून, पूर्वी चर्चमध्ये हसायची तशी, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने मनगटाने पुसलं. ग्लेनिसही रडली. रडताना छातीवरचं काहीतरी निघून गेल्यासारखं वाटत होतं, इतकं की लाज वाटावी. बहिणीची बोटं गेली आणि आपल्याला हलकं वाटतंय? पण वाटत होतं, आणि नोलालाही वाटत असावं, कारण तिची ताठ पाठ हळूहळू वाकली आणि खांदा ग्लेनिसच्या खांद्याला टेकला.

"अनाहेराला सांगायला हवं," ग्लेनिस म्हणाली. "भाजून घेशील नाहीतर."

"सोमवारी सांग. आजचा दिवस माझा आहे." मग घसा साफ करून, जुन्या आवाजात, "आता मला सांग. वरपासून. काही लपवायचं नाही."

ग्लेनिसने तिचा बधिर हात आपल्या हातात घेतला आणि तो झग्यावर ठेवून खांद्यापासून सुरुवात केली. इथे खांदा, हा नीट बसलाय. इथे गळा, उरेब पट्टी, मागे एका जागी जाड झालीय, तिथे दोनदा टीप मारली. बाही, डावी चांगली, उजवीला दोन बारीक चुण्या राहिल्यात. काजं हाताने केलीत, अकरा, त्यातलं चौथं तिरकं आहे. नोला मान हलवत ऐकत होती, मधेच विचारत होती: किती तिरकं? दोऱ्याचा रंग जुळतो का? चमकणारी बाजू कुठल्या उजेडात जास्त दिसते? आणि ग्लेनिस सांगत होती, खरं तेच सांगत होती, एकही चूक कमी करून नाही आणि एकही वाढवून नाही, आणि बोलता बोलता तिला जाणवलं की आतून काही आवाज येत नाहीये.

"दिसतं कसं?" नोलाने विचारलं.

"सुंदर दिसतं. खरंच. तू चालशील तेव्हा अर्धी बाजू उजेड पकडेल आणि अर्धी नाही. फोटोवाले येतील मागे."

"आणि कमरेशी? मधल्या शिवणीला ओढ आलीच असेल. त्या कापडाला येतेच."

"आलीय. कमरेखाली, दोन बोटं. दहा मिनिटांचं काम आहे, उसवू का?"

नोलाने क्षणभर विचार केला. खाली रस्त्यावर मोटारी ओळीने भोंगे वाजवत होत्या, आणि अनाहेरा व्हरांड्यात कुणाला तरी मोठ्याने सांगत होती की टोपी मागे नाही, पुढे ओढायची.

"असू दे," नोला म्हणाली. "घाल मला." आणि तिने दोन्ही हात वर केले.